बोन सिमेंट घट्ट होताना वर्णपटात काय पाहावे: नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

कृत्रिम सांधा हाडात पक्का बसवण्यासाठी जे ॲक्रिलिक बोन सिमेंट वापरतात, ते कालवायला घेतल्यापासून टणक होईपर्यंत साधारण दहा ते पंधरा मिनिटे जातात. एवढ्या अवधीत ते पातळ लगदा, चिकट राळ, कणकेसारखा गोळा आणि शेवटी दगड अशी रूपे घेते. शस्त्रक्रियागृहात हा प्रवास सर्वसाधारणपणे बोटांनीच ओळखला जातो. हातमोज्याला चिकटणे थांबले की गोळा वापरायला योग्य झाला, आणि बाजूला ठेवलेला उरलेला तुकडा गरम होऊन टणक वाजू लागला की आतलेही झाले असावे, असा तो अंदाज असतो. अनुभवी हाताचा हा अंदाज बहुधा बरोबर येतो. मात्र नवे मिश्रण तयार करणाऱ्याला, त्यात प्रतिजैविक मिसळून पाहणाऱ्याला किंवा दोन सिमेंटांची तुलना करणाऱ्याला ‘असावे’ पुरत नाही. आतली रासायनिक क्रिया कोणत्या मिनिटाला कुठपर्यंत पोहोचली, हे त्याला आकड्यात हवे असते, आणि त्यासाठी प्रकाशाचा आधार घेता येतो.

एक गोष्ट सुरुवातीलाच मनात पक्की करावी. वर्णपटमापक टणकपणा मोजत नाही. तो द्विबंध, म्हणजे सिमेंटाच्या द्रवातल्या रेणूंमधले अजून न उघडलेले कार्बन-कार्बन दुहेरी बंध, मोजतो. बोटाला लागणारा घट्टपणा, थर्मोकपलला (तापमान मोजणाऱ्या तारेला) जाणवणारी उष्णता आणि वर्णपटात दिसणारे रूपांतरण, म्हणजे उघडून गेलेल्या द्विबंधांचा वाटा, ही एकाच घटनेची तीन वेगवेगळी घड्याळे आहेत आणि ती एकाच वेळी टोले देत नाहीत. नवशिक्याच्या बहुतेक चुका या तिघांना एक समजण्यातून आणि पहिल्या दोन मिनिटांकडे दुर्लक्ष करण्यातून होतात.

पुढचे सारे विवेचन पॉलिमिथिल मेथॅक्रिलेटवर आधारलेल्या सिमेंटाचे आहे. कॅल्शियम फॉस्फेटची सिमेंटेही हाडात वापरतात, पण ती पाण्याशी होणाऱ्या क्रियेतून आणि स्फटिक एकमेकांत गुंतून घट्ट होतात. त्यांचे वर्णपट वेगळे आणि त्यांच्या अडचणीही वेगळ्या असतात.

पहिली पायरी: पाकिटात काय आहे ते जाणून घ्यावे

सिमेंट दोन भागांत येते. नेहमीच्या संचात सुमारे ४० ग्रॅम भुकटी आणि सुमारे २० मिलिलिटर द्रव असतो. भुकटीत पॉलिमिथिल मेथॅक्रिलेटचे किंवा त्याच्या सहबहुवारिकाचे (दुसऱ्या रेणूबरोबर जोडून केलेल्या पॉलिमरचे) बारीक गोल मणी असतात. त्यांतले बरेचसे काही दशक मायक्रोमीटर व्यासाचे असतात. त्यांच्याबरोबर क्रियेला सुरुवात करून देणारे बेन्झॉइल पेरॉक्साइड असते, आणि क्ष-किरणात सिमेंट दिसावे म्हणून बेरियम सल्फेट किंवा झिर्कोनियम डायऑक्साइड घातलेले असते. द्रव जवळजवळ सगळा मिथिल मेथॅक्रिलेट म्हणजे मोनोमर, पॉलिमरच्या साखळीचा सुटा रेणू, असतो. त्यात थोडे डायमिथिल पॅरा-टोल्युइडीन हे ॲरोमॅटिक अमाइन असते, जे खोलीच्या तापमानालाच पेरॉक्साइड फोडून मुक्त मूलके (क्रिया पेटवणारे अतिक्रियाशील तुकडे) तयार करते. त्यातच हायड्रोक्विनोनचा अगदी अल्प अंश असतो, तो बाटलीतच क्रिया सुरू होऊ नये म्हणून.

दोन्ही एकत्र आले की दोन गोष्टी एकाच वेळी सुरू होतात. मणी मोनोमरमध्ये फुगतात आणि त्यांच्या बाहेरचा थर विरघळू लागतो. ही निव्वळ भौतिक क्रिया आहे. दुसरीकडे मूलके मोनोमरचे द्विबंध उघडून साखळ्या बांधू लागतात, ती रासायनिक क्रिया. सुरुवातीला गोळा घट्ट होतो तो मुख्यतः पहिल्या कारणामुळे. म्हणून कणकेसारखी अवस्था आली तेव्हा बरीच रासायनिक क्रिया झाली असेल असे मानू नये. त्या क्षणी बहुतेक मोनोमर अजून तसाच शिल्लक असू शकतो.

पाकिटावरची माहिती वाचताना तीन प्रश्नांची उत्तरे वहीत लिहून घ्यावीत. भुकटीत स्टायरिन असलेले सहबहुवारिक आहे का? क्ष-किरणरोधक कोणता आहे? सिमेंट रंगीत आहे का? या तिन्ही उत्तरांचा वर्णपटाशी थेट संबंध आहे, आणि तो पुढे येईलच.

दुसरी पायरी: तंत्र निवडावे

प्रकाशाच्या साहाय्याने द्विबंध पाहण्याच्या तीन वाटा प्रचलित आहेत. तिन्हींची शिखरे तरंगसंख्येत सांगतात. पुढचे आकडे प्रति सेंटिमीटर या एककात समजावेत.

रामन वर्णपटमितीत नमुन्यावर एकाच रंगाचा लेसर टाकतात आणि विखुरलेल्या प्रकाशातला अगदी थोडा भाग किती ऊर्जा गमावून परत येतो ते पाहतात. १९२८ साली सापडलेला हा परिणाम कार्बन-कार्बन द्विबंधाच्या बाबतीत विशेष उदार आहे. मोनोमरचे १६४० जवळचे शिखर स्वच्छ आणि उंच येते, काचेतून मोजता येते आणि पाण्याचा त्रास जवळजवळ होत नाही. शेजारी १७२५ च्या आसपास कार्बोनिलचे (कार्बन-ऑक्सिजन दुहेरी बंधाचे) शिखर मिळते. बेरियम सल्फेट असेल तर ९८८ वर त्याचे अणकुचीदार शिखर उभे राहते. स्टायरिन असेल तर १००१ आणि १६०२ या बेंझिन वलयाच्या खुणा दिसतात. त्यांतली दुसरी १६४० च्या इतकी जवळ असते की आधाररेषा (शिखराच्या पायथ्याची रेषा) ओढताना तिचा उतार हमखास मध्ये येतो.

लेसर कोणता घ्यावा याबाबत माझे मत स्पष्ट आहे: नवशिक्याने ७८५ नॅनोमीटरपासून सुरुवात करावी. हिरव्या ५३२ नॅनोमीटरच्या लेसरने संकेत जास्त मिळतो, पण सिमेंटातले रंगद्रव्य आणि ॲरोमॅटिक अमाइन यांचे अनुस्फुरण (लेसर शोषून स्वतः चमकणे) सारा वर्णपट डोंगरासारखा उचलून धरू शकते. काही सिमेंटांत हाडापासून वेगळे ओळखू यावे म्हणून क्लोरोफिलसारखा रंग घातलेला असतो, तिथे ही शक्यता आणखी वाढते. ७८५ नॅनोमीटरवर १६४० चे शिखर प्रत्यक्षात ९०१ नॅनोमीटरच्या जवळपास पडते आणि तिथे सिलिकॉनचा संवेदक बऱ्यापैकी पाहू शकतो. मात्र २९५० जवळची कार्बन-हायड्रोजन शिखरे १०२० नॅनोमीटरच्या पलीकडे जातात आणि तिथे त्याची नजर मंदावते. म्हणून ती संदर्भासाठी धरू नयेत.

दुसरी वाट मध्य-अवरक्त शोषणाची. यात सिमेंट हिऱ्याच्या स्फटिकावर ठेवतात आणि आतून परावर्तित होणारा किरण पृष्ठभागालगतचा थर चाचपतो. उपकरण सर्वत्र उपलब्ध आहे, वापर सोपा आहे आणि द्विबंधाचे शिखर १६३८ वर मिळते. पण किरण एक-दोन मायक्रोमीटरच आत जातो, हे विसरू नये. मणी त्याच्या कितीतरी पट मोठे असतात. शिवाय पाण्याच्या रेणूचे वाकण्याचे कंपनही अवरक्तात १६४० च्या आसपासच शोषण दाखवते. ओल्या चमच्याने कालवलेले किंवा क्षारद्रावणाशेजारी ठेवलेले सिमेंट या पद्धतीत ‘कधीच पूर्ण न होणारी’ क्रिया दाखवते, त्यामागे अनेकदा एवढेच असते.

तिसरी वाट निकट-अवरक्ताची. इथे मूळ कंपने दिसत नाहीत, त्यांचे अधिस्वर, म्हणजे साधारण पटीतल्या वारंवारतेची क्षीण कंपने, दिसतात. मोनोमरच्या द्विबंधावरील कार्बन-हायड्रोजन बंधाचा पहिला अधिस्वर ६१६५ वर, म्हणजे सुमारे १६२० नॅनोमीटरवर येतो. शोषण क्षीण असल्यामुळे प्रकाश काही मिलिमीटर जाडीतून आरपार जातो आणि साधी काच व सिलिकाचा प्रकाशतंतू दोन्ही चालतात. खऱ्या जाडीच्या, खरोखर तापणाऱ्या नमुन्याचा पूर्ण छेद पाहायचा असेल तर ही वाट मला सर्वांत प्रामाणिक वाटते. तंतूचे टोक सिमेंटात रुतवून तसेच सोडूनही देता येते. क्ष-किरणरोधकाचे कण आणि न विरघळलेले मणी प्रकाश विखुरतात, ही अडचण खरी आहे, पण तिचा उपयोगही होतो, हे पुढे दिसेल.

तिसरी पायरी: साचा, तापमान आणि खबरदारी

मोनोमरची क्रिया उष्णतादायी आहे. एका मोलमागे सुमारे ५७ किलोजूल उष्णता बाहेर पडते. ही उष्णता नमुन्यात साठते की साच्यात निसटते, यावर क्रियेचा वेग अवलंबून असतो. ॲक्रिलिक बोन सिमेंटासाठीच्या आयएसओ ५८३३ या आंतरराष्ट्रीय मानकातल्या तापमान-चाचणीत ६० मिलिमीटर व्यासाची आणि ६ मिलिमीटर उंचीची वडी टेफ्लॉनच्या साच्यात घेतात, थर्मोकपलचे टोक तिच्या मधोमध असते आणि खोली २३ अंश सेल्सिअसला एका अंशाच्या फरकाने राखलेली असते. तुमच्या हिऱ्याच्या स्फटिकावर मात्र तांदळाच्या दाण्याएवढा गोळा धातूच्या तबकडीला टेकून बसलेला असतो. तो तापतच नाही. म्हणून त्याची क्रिया उशिरा वेग घेते आणि कमी रूपांतरणावर थांबते. हे मापन चूक नाही. ते फक्त वेगळ्या वस्तूचे मापन आहे. दोन सिमेंटांची तुलना एकाच साच्यात करावी, आणि स्फटिकावरचा आकडा ६ मिलिमीटर वडीच्या तापमानाशेजारी छापू नये.

रामनसाठी सोयीचा साचा म्हणजे टेफ्लॉनची कडी, तिच्या तळाला सूक्ष्मदर्शकाची पातळ काच आणि कडेला थर्मोकपलसाठी भोक. लेसर खालून काचेतून यावा, म्हणजे वरचा पृष्ठभाग फुगला किंवा आक्रसला तरी केंद्र हलत नाही. निकट-अवरक्तासाठी दोन काचपट्ट्यांच्या मध्ये दोन-तीन मिलिमीटर जाडीचे टेफ्लॉन ठेवून त्यातल्या खाचेत सिमेंट भरावे. भुकटी, द्रव, साचा, चमचा हे सगळे आदल्या दिवशीच त्या खोलीत आणून ठेवावे. शीतपेटीतून काढलेली द्रवाची कुपी लगेच वापरली तर रूपांतरणाचा वक्र काही मिनिटे पुढे सरकतो आणि त्याचे खापर विनाकारण सिमेंटावर फुटते.

मोनोमर ज्वालाग्राही आहे, त्याची वाफ डोळ्यांना व श्वासमार्गाला झोंबते आणि त्वचेला त्याची ॲलर्जी जडू शकते. साधा लेटेक्सचा हातमोजा तो लवकरच पार करतो, म्हणून काम धूरशोषक कपाटात करावे आणि हातमोजा भिजल्याबरोबर बदलावा. ७८५ नॅनोमीटरचा लेसर डोळ्याला जेमतेम दिसतो, त्यामुळे तो क्षीण आहे असा समज होतो. त्या तरंगलांबीसाठीचा चष्मा घातल्याशिवाय झडप उघडू नये.

लेसर स्वतःच नमुना तापवतो का, हेही आधी तपासून घ्यावे. जुना, पूर्ण घट्ट झालेला तुकडा साच्यात ठेवून, थर्मोकपल लेसरच्या ठिपक्याजवळ नेऊन, प्रयोगात वापरणार तेवढ्याच शक्तीने दहा मिनिटे प्रकाश सोडावा. तापमान अर्ध्या अंशाहून जास्त चढले तर शक्ती कमी करावी किंवा ठिपका मोठा करावा. ठिपका मोठा करण्याला आणखी एक कारण आहे. सूक्ष्मदर्शकाच्या भिंगाखाली लेसरचा ठिपका एक-दोन मायक्रोमीटरचा असतो, तर मणी त्याच्या कितीतरी पट मोठा. अशा ठिपक्याने तुम्ही सिमेंट पाहत नाही. तुम्ही एकतर एक मणी पाहता किंवा दोन मण्यांमधली फट. एकात जवळजवळ मोनोमरच नाही आणि दुसऱ्यात जवळजवळ सगळा मोनोमरच. शंभर मायक्रोमीटरहून मोठा ठिपका देणारा तंतू-प्रोब वापरावा, नाहीतर नमुना हळू सरकवत अनेक जागांची सरासरी घ्यावी.

चौथी पायरी: शून्य क्षण ठरवावा

या कामात सर्वांत जास्त वेळ इथे द्यावा, कारण पुढची सगळी आकडेमोड या एका क्षणावर टांगलेली असते.

घड्याळ कधी सुरू करायचे? द्रव भुकटीला लागला त्या क्षणी. कालवून झाल्यावर नाही, साचा भरल्यावर तर नाहीच. वर्णपटमापकाचा संगणक आणि थर्मोकपलची नोंद करणारे यंत्र यांची घड्याळे प्रयोगापूर्वी सेकंदापर्यंत जुळवावीत. सुरुवातीच्या दिवसांत मी दोन यंत्रांच्या घड्याळांवर आंधळा विश्वास टाकला आणि तापमानाचा कळस रूपांतरणाच्या उसळीच्या जवळजवळ दोन मिनिटे आधी येतो, असा अद्भुत निष्कर्ष वहीत लिहून ठेवला. उष्णता क्रियेच्या आधी कशी निघेल, हा साधा प्रश्न दुसऱ्या दिवशी पडला. तेव्हापासून कालवणारा ‘आता’ म्हणतो आणि दोन्ही यंत्रांवर एकाच वेळी खूण केली जाते.

कालवायला अर्धा ते एक मिनिट, साच्यात भरायला आणखी अर्धे मिनिट. म्हणजे पहिला वर्णपट दीड-दोन मिनिटांनी मिळतो. हा पहिला वर्णपट म्हणजे शून्य रूपांतरण असे धरण्याचा मोह होतो, आणि हायड्रोक्विनोन व विरघळलेला ऑक्सिजन मूलके गिळत असतात तोवर क्रिया खरोखरच रेंगाळते, त्यामुळे हे गृहीतक फारसे वाईट नाही. अडचण वेगळीच आहे. मणी अजून विरघळत असतात. मध्य-अवरक्ताच्या पद्धतीत सुरुवातीला स्फटिकाला प्रथम द्रव भिजवतो, म्हणून द्विबंधाचे शिखर कार्बोनिलच्या मानाने उंच दिसते. मग पॉलिमर विरघळून त्या पातळ थरात येतो आणि स्वतःचे कार्बोनिल घेऊन येतो. एकही द्विबंध न उघडता दोन्ही शिखरांचे गुणोत्तर खाली घसरते, आणि सॉफ्टवेअर निरागसपणे ‘रूपांतरण सुरू झाले’ असे सांगते. निकट-अवरक्तात पूर्ण जाडी दिसत असल्यामुळे हा धोका बराच कमी असतो आणि मोठ्या ठिपक्याच्या रामनमध्ये मध्यम.

यावरचा उपाय सोपा आहे, तरी तो फार थोडे जण करतात. भुकटी तीच घ्यावी, पण द्रव म्हणून अमाइन नसलेला, हायड्रोक्विनोनने रोखलेला शुद्ध मिथिल मेथॅक्रिलेट त्याच प्रमाणात मिसळावा. खोलीच्या तापमानाला पेरॉक्साइड एकट्याने प्रयोगाच्या अवधीत नगण्य काम करते. या मिश्रणाचे गुणोत्तर पंधरा मिनिटे नोंदवावे. ते जितके घसरेल तितकी तुमच्या साच्याची आणि तंत्राची ‘खोटी’ क्रिया. खऱ्या प्रयोगाचा वक्र वाचताना हा वक्र त्याच्या शेजारी ठेवावा. ज्या मिनिटाला दोन्ही एकमेकांपासून फुटतात, तिथे रसायन सुरू झाले.

पाचवी पायरी: नोंद घ्यावी

यंत्र अर्धा तास आधी चालू करावे. रामनची तरंगसंख्या सिलिकॉनच्या ५२०.५ वरच्या शिखराने तपासावी. खोलीतल्या नळीदिव्यांचा प्रकाश वर्णपटात टोकदार खोटी शिखरे उभी करतो, म्हणून साच्यावर काळे कापड घालावे. एका वर्णपटाला किती वेळ द्यायचा, याचे उत्तर क्रियेच्या सर्वांत वेगवान टप्प्यावरून ठरते. उसळीच्या काळात अर्ध्याहून अधिक रूपांतरण एक-दोन मिनिटांत उरकू शकते. एका वर्णपटाला तीस सेकंद दिले तर संपूर्ण उसळ चार ठिपक्यांत संपेल. पाच सेकंदांचा थोडा खरखरीत वर्णपट तीस सेकंदांच्या गुळगुळीत वर्णपटापेक्षा कधीही बरा, कारण खरखर नंतर कमी करता येते, गेलेला वेळ परत आणता येत नाही. उसळ ओसरल्यावर मात्र सावकाश, लांब सरासरीचे वर्णपट घ्यावेत.

वर्णपट घेतला जात असताना हातालाही काम द्यावे. त्याच खेपेचा थोडा गोळा बाजूला ठेवून दर पंधरा सेकंदांनी, पावडर नसलेला स्वच्छ हातमोजा घातलेले बोट त्याला हळूच लावून पाहावे. बोट उचलताना तंतू ओढला जाणे थांबले तो क्षण वहीत लिहावा. थर्मोकपलची नोंद शेजारी चालूच असते. अशी तिन्ही घड्याळे एका कागदावर येतात.

सहावी पायरी: आकडेमोड

प्रत्येक वर्णपटात दोन गोष्टी मोजायच्या: द्विबंधाच्या शिखराचे क्षेत्रफळ आणि क्रियेत न बदलणाऱ्या एखाद्या शिखराचे क्षेत्रफळ. पहिल्याला दुसऱ्याने भागले की लेसरची चढउतार, साच्यातली हालचाल, आक्रसणे यांचा परिणाम बराचसा वजा होतो. मग रूपांतरण म्हणजे १ − (त्या क्षणाचे गुणोत्तर ÷ शून्य क्षणाचे गुणोत्तर). समजा शून्य क्षणी गुणोत्तर ०.४२ होते. ते ०.२१ झाले की ५० टक्के रूपांतरण झाले, ०.०२१ झाले की ९५ टक्के.

संदर्भ म्हणून बहुधा कार्बोनिल धरतात, कारण ते मोनोमरमध्येही असते आणि पॉलिमरमध्येही. पण द्विबंध नाहीसा झाला की कार्बोनिलचे शिखर अवरक्तात काही एककांनी वर सरकते, म्हणून शिखराची उंची मोजू नये, दोन्ही रूपे सामावतील अशा रुंद मर्यादांमधले क्षेत्रफळ मोजावे. बेरियम सल्फेटचे ९८८ वरचे शिखर रासायनिकदृष्ट्या आदर्श संदर्भ आहे, कारण त्याला या क्रियेशी काहीच देणेघेणे नाही. मात्र ते कणांच्या रूपात असल्यामुळे लहान ठिपक्यात कधी एक कण येतो, कधी चार. मोठा ठिपका असेल तरच ते वापरावे, आणि स्टायरिन असलेल्या सिमेंटात १००१ चा शेजार लक्षात घ्यावा.

आता सर्वांत महागात पडणारी चूक. शून्य क्षणाचे गुणोत्तर शुद्ध मोनोमरवरून घेऊ नये. २० मिलिलिटर मोनोमरचे वजन सुमारे १९ ग्रॅम भरते, भुकटी ४० ग्रॅम. म्हणजे मिश्रणात मोनोमर एक-तृतीयांशाहून किंचित कमी असतो. उरलेल्या वजनातला बहुतेक भाग पॉलिमरचा, आणि त्यालाही कार्बोनिल आहेच. शुद्ध मोनोमरचे गुणोत्तर शून्य क्षणाचे मानले तर कालवल्याक्षणीच सूत्र सुमारे दोन-तृतीयांश रूपांतरण दाखवेल, एक रेणूही जुळलेला नसताना. अशा उंचीवरून सुरू होणारे वक्र मी पाहिले आहेत आणि त्यांचे मूळ प्रत्येक वेळी इथे किंवा चौथ्या पायरीत सापडले आहे.

याच प्रमाणातून आणखी एक गोष्ट निघते. रूपांतरण आणि शिल्लक मोनोमर हे एकाच मापाचे आकडे नव्हेत. रूपांतरण ९५ टक्के म्हणजे मोनोमरपैकी ५ टक्के उरला. पण मोनोमर मुळात संपूर्ण सिमेंटाच्या ३२ टक्केच होता, म्हणून सिमेंटाच्या वजनात तो सुमारे १.६ टक्के भरतो. अहवालात कोणता आकडा दिला आहे, ते स्पष्ट लिहावे. आणि शेवटच्या या टोकाला वर्णपटावर फार भार टाकू नये: ५ टक्के उरलेल्या शिखरात आधाररेषा किंचित वर-खाली ओढली तरी उत्तर ३ वरून ७ वर जाते. उरलेल्या मोनोमरचा नेमका आकडा हवा असेल तर तो विद्रावकात काढून वायू-वर्णलेखनाने (गॅस क्रोमॅटोग्राफीने) मोजावा.

आधाररेषेबद्दल एवढेच, की तिची दोन टोके सगळ्या वर्णपटांत एकाच जागी ठेवावीत. प्रत्येक वर्णपट पाहून हाताने रेषा ओढणारा माणूस नकळत अपेक्षित उत्तराकडे झुकतो. निकट-अवरक्तात आधाररेषा सबंध प्रयोगभर सरकत राहते, कारण मोनोमरचा अपवर्तनांक सुमारे १.४१ आणि पॉलिमरचा १.४९ असल्यामुळे, मणी विरघळतात आणि भोवतालचा द्रव घट्ट होत जातो तसे प्रकाशाचे विखुरणे बदलते. शिखराचे क्षेत्रफळ काढण्यासाठी ही सरक वजा करावी, पण फेकून देऊ नये. तिचा स्वतंत्र आलेख काढला तर मण्यांचे विरघळणे आणि पुढे पोकळ्या तयार होणे यांचा माग त्यात दिसू शकतो.

सातवी पायरी: वक्र वाचावा

चांगला वक्र आडव्या ताणलेल्या नागमोडीसारखा दिसतो. आधी जवळजवळ सपाट प्रतीक्षा, मग अचानक उभी चढण, मग पठार. चढण एवढी उभी का, याचे कारण रंजक आहे. मिश्रण घट्ट झाले की वाढत्या साखळ्यांची टोके एकमेकांना सापडत नाहीत, त्यामुळे साखळ्या बंद होणे मंदावते. लहान मोनोमर मात्र अजूनही टोकापर्यंत पोहोचू शकतो, म्हणून क्रिया थांबण्याऐवजी वेग घेते, उष्णता वाढते आणि वेग आणखी वाढतो. शेवटी पदार्थ काचेसारखा गोठतो, मोनोमरलाही हलता येत नाही, आणि पठार शंभर टक्क्यांच्या खालीच येते. शुद्ध पॉलिमिथिल मेथॅक्रिलेट सुमारे १०५ अंश सेल्सिअसच्या खाली काचरूप असते. नमुना जितका थंड राहील तितका हा गोठण्याचा क्षण कमी रूपांतरणावर येतो, आणि स्फटिकावरचा न तापणारा गोळा जाड वडीपेक्षा मागे राहतो तो याचमुळे.

आता तिन्ही घड्याळे एका आलेखावर मांडावीत. हातमोज्याला चिकटणे थांबले तो क्षण बहुधा सपाट प्रतीक्षेच्या भागातच पडलेला दिसेल. बोटाने ओळखले ते मण्यांचे फुगणे होते. मानकातली घट्ट होण्याची वेळ म्हणजे तापमान भोवतालच्या आणि कमाल तापमानाच्या मध्यावर पोहोचते तो क्षण, आणि तो चढणीवर कुठेतरी सापडेल. तापमानाचा कळस चढणीच्या वरच्या टोकापाशी येईल. तो रूपांतरणाच्या चढणीआधी आला तर घड्याळे पुन्हा तपासावीत.

पठार फार लवकर आणि फार खाली आले, तर तीन शक्यता याच क्रमाने पाहाव्यात. हिऱ्याच्या स्फटिकावर सिमेंट आक्रसून सुटले आहे का? तसे झाले तर सगळीच शिखरे एकदम लहान होतात, गुणोत्तर मात्र खरखरीत होते. उघड्या पृष्ठभागावरून मोनोमर उडून गेला का? त्यात द्विबंध क्रियेविना कमी होतात आणि वक्र प्रतीक्षेच्या काळातच हळूहळू चढतो. वर काच झाकली की हे थांबते. की मिसळणच कमी पडली? याची ओळख अशी, की त्याच खेपेचे दोन साचे दोन वेगळे वक्र देतात. म्हणून प्रत्येक सिमेंटाच्या किमान तीन खेपा स्वतंत्रपणे कालवून मोजाव्यात. एकाच खेपेवरून तीन वर्णपट घेणे म्हणजे पुनरावृत्ती नव्हे.

प्रयोग संपल्यावर स्फटिकावरचे सिमेंट धातूच्या पात्याने खरवडू नये. टेफ्लॉनच्या पातळ पट्टीने कडेकडेने सैल करून, उरलेला थर ॲसिटोनमध्ये भिजवलेल्या कापसाने सावकाश मऊ करून काढावा. स्फटिकाभोवतीचा जोड ॲसिटोन सहन करतो का, ते यंत्राच्या पुस्तिकेत आधी पाहून घ्यावे. साच्यातला तुकडा मात्र फेकू नये. त्यावर खेपेचा क्रमांक आणि शून्य क्षणाची तारीख लिहून तो त्याच तापमानाला ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी व आठवड्याने पुन्हा मोजावा. पठारावर अडकलेल्या मोनोमरपैकी थोडा या काळात सावकाश जुळतो आणि थोडा बाहेर पडतो, म्हणून द्विबंधाचे उरलेसुरले शिखर आणखी थोडे खाली गेलेले दिसते. त्या दिवशीची आधाररेषा पहिल्या दिवशीच्याच दोन टोकांवर ओढावी.